मदुराईची कंपनी आणि व्याजाचा शेकडा

उदगीरच्या एका पतसंस्थेत २७ वर्षे कर्जविभाग सांभाळून मी निवृत्त झालो. मुलगा नोकरीसाठी चेन्नईत स्थायिक झाल्यामुळे आता वर्षातले दोन-तीन महिने आम्ही उभयता तिकडेच असतो. नातू तिथल्या शाळेत जातो, इमारतीतल्या मुलांशी तमिळ बोलतो, आईवडिलांशी निम्मे इंग्रजी बोलतो, आणि माझे मराठी त्याला समजत असले तरी उत्तर देताना तो हटकून दुसऱ्या भाषेत शिरतो. अशाच एका सुट्टीच्या दुपारी मुलाने आम्हा दोघांना 'तलैमुरैगळ' नावाचा तमिळ चित्रपट लावून दिला. या शब्दाचा अर्थ पिढ्या. खेड्यात राहणारा एक हट्टी म्हातारा, परधर्मातल्या मुलीशी लग्न केले म्हणून त्याने वर्षानुवर्षे तोडून ठेवलेला मुलगा, आणि तमिळचा गंधही नसलेला शहरी नातू, एवढीच त्याची कथा. आजोबा त्या मुलाला गावच्या झाडापाण्यातून फिरवत एकेक शब्द शिकवतो. ही भूमिका दिग्दर्शक बालू महेंद्र यांनी स्वतः केली आहे. मी खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत होतो आणि शेजारी बसलेला माझा नातू त्या ओळींकडे न बघता सगळे समजून घेत होता.

चित्रपट संपल्यावर माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न मात्र माझ्या जन्मभराच्या कामातून आला होता. मध्यभागी एक म्हातारा आणि एक लहान मूल, तरुण नायक-नायिकेची जोडी नाही, मारामारी नाही. अशा चित्रपटाला पैसा कोणी दिला असेल? उत्तर नामावलीत होते. निर्मिती 'कंपनी प्रॉडक्शन्स', निर्माते एम. शशिकुमार. तिथून पुढे मी या छोट्या निर्मितीसंस्थेचे बहुतेक चित्रपट पाहिले, तिच्याविषयी जे वाचायला मिळाले ते वाचले, आणि एखाद्या खातेदाराची जुनी फाईल उघडावी तसा तिचा प्रवास समजून घेत गेलो. त्या प्रवासात मला आपल्या मराठवाड्यातले फार ओळखीचे काही दिसले, म्हणून हे लिहितो आहे.

शशिकुमार मदुराईजवळच्या खेड्यातले. त्यांनी आधी बाला आणि अमीर या दिग्दर्शकांचे साहाय्यक म्हणून काम केले आणि २००८ मध्ये 'सुब्रमण्यपुरम' हा स्वतःचा पहिला चित्रपट काढला. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, मुख्य भूमिकांपैकी एक त्यांचीच आणि निर्मातेही तेच. ४ जुलै २००८ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात १९८० सालची मदुराई उभी केली आहे: रुंद पायांच्या विजारी, कानांवरून खाली आलेले केस, कोपऱ्यावरच्या दुकानात वाजणारी संगीतकार इळैयराजांची गाणी. रजनीकांतचा 'मुरट्टुक्काळै' त्याच वर्षी लागला होता आणि ही पोरे तो बघायला थिएटरात जातात, असा एक प्रसंग त्यात आहे. पडद्यासमोरची ती झुंबड मी उदगीरच्या जुन्या थिएटरात हिंदी चित्रपटांना पाहिलेली आहे. काम नसलेली, घरच्यांच्या बोलण्याला कंटाळलेली आणि मैत्रीसाठी जीव द्यायला निघालेली पोरे गावातला एक राजकारणी आपल्या कामाला वापरून घेतो आणि मग वाऱ्यावर सोडतो. चौकात पुढाऱ्याच्या गाडीमागे पळणारी अशी पोरे आमच्याकडे कोणत्या गावात नाहीत? अनुराग कश्यप यांनी 'गँग्ज ऑफ वासेपूर'च्या प्रारंभी बाला, अमीर आणि शशिकुमार या तिघांचे आभार मानले आहेत, याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही.

'सुब्रमण्यपुरम' चालला, आणि चांगला चालला. खरी परीक्षा अशा यशानंतर सुरू होते, हे मी कर्जदारांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. एका हंगामात तुरीचा भाव वधारला की आमच्याकडे लोक ट्रॅक्टर घेतात. शशिकुमारांनी मिळालेला पैसा दुसऱ्या एका नवख्या दिग्दर्शकावर लावला. पांडिराज यांचा तो पहिला चित्रपट, 'पसंग', म्हणजे पोरे. १ मे २००९ रोजी आलेल्या या चित्रपटात पुदुकोट्टै भागातल्या एका गावातली शाळकरी मुले आणि त्यांची भांडणे आहेत. मोठ्यांच्या भांडणाचे ओझे मुलांच्या अंगावर कसे पडते, हे त्यात फार समजुतीने दाखवले आहे. त्याला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी पांडिराज यांना मिळाला आणि बालकलाकारांनाही मिळाला. कंपनीचा हा दुसराच चित्रपट होता.

नंतरची वर्षे मी थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये शशिकुमारांनी दिग्दर्शित केलेला 'ईसन' आला, त्याला पहिल्यासारखे यश मिळाले नाही. २०११ मध्ये समुद्रकनी यांचा 'पोराळी' आला, २०१२ मध्ये 'सुंदरपांडियन' आला. 'सुंदरपांडियन'चे दिग्दर्शक प्रभाकरन हे शशिकुमारांच्याच हाताखाली शिकलेले होते आणि तो चित्रपट प्रेक्षकांनी उचलून धरला. डिसेंबर २०१३ मध्ये 'तलैमुरैगळ' आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १३ फेब्रुवारी २०१४ रोजी, बालू महेंद्र गेले. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार त्या चित्रपटाला मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. धंद्याच्या दृष्टीने हा पैसा मिळवून देणारा विषय नव्हे, हे निर्मात्याला आधीच ठाऊक असणार. तरीही एका ज्येष्ठ दिग्दर्शकाचा शेवटचा चित्रपट पूर्ण झाला, तो या कंपनीमुळे. माझ्या लेखी त्या कंपनीच्या खात्यावरची ही सर्वांत मोठी जमा आहे.

आता पैशाकडे येतो, कारण तमिळ चित्रपटांविषयी पुष्कळ लिहिले जात असले तरी या बाजूविषयी फार थोडे लिहिले जाते.

छोटा निर्माता स्वतःच्या पैशावर चित्रपट पूर्ण करत नाही. थोडी रक्कम घरची असते, बाकीची फायनान्सरकडून घेतलेली असते. केंद्र सरकारने १९९८ मध्ये चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला आणि त्यानंतर काही बँकांनी या क्षेत्रात कर्जे दिलीही, पण बँक तारण मागते आणि नवख्या निर्मात्याजवळ तारण ठेवायला त्या अपूर्ण चित्रपटाखेरीज काही नसते. खासगी फायनान्सर तोच अपूर्ण चित्रपट तारण धरतो. पूर्वी त्याची पद्धत अशी होती की निगेटिव्ह ज्या प्रयोगशाळेत असे, तिच्याकडून फायनान्सरच्या नावे पत्र घेतले जाई. त्याचे पैसे फिटून त्याची संमती आल्याखेरीज प्रयोगशाळा प्रदर्शनासाठी प्रती काढून देत नसे. आता फिल्मची जागा डिजिटल फाईलने घेतली असली आणि प्रत्येक थिएटरला ती फाईल उघडण्याची किल्ली पाठवली जात असली, तरी ती किल्ली प्रदर्शनाच्या आदल्या रात्री हिशेब मिटल्यावरच सुटते. सकाळचा खेळ बघायला लोक दारात उभे आहेत आणि पडदा मात्र कोरा आहे, असे तमिळनाडूत अनेक चित्रपटांच्या बाबतीत घडले आहे, आणि त्याचे कारण बहुधा या आदल्या रात्रीत असते.

माझ्यासारख्याला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे खासगी सावकार जमीन गहाण ठेवून घेत नाही, तो सरळ खरेदीखत करून घेतो. कर्जाचा व्यवहार कागदावर विक्री म्हणून नोंदला जातो, पैसे फिटले तर जमीन परत नावावर करून द्यायची, असे तोंडी ठरते, आणि शेतकरी त्याच जमिनीत दुसऱ्याच्या मालकीने पेरणी करत राहतो. प्रयोगशाळेचे पत्र आणि खरेदीखत या दोन कागदांत मला फरक दिसत नाही.

या धंद्यातल्या व्याजाचा हिशेब महिन्यावर आणि शेकड्यावर चालतो. समजा एखाद्या निर्मात्याने ३ कोटी रुपये महिना शेकडा ३ रुपयांनी घेतले, तर महिन्याला ९ लाख रुपये व्याज झाले. चित्रीकरण वर्षभर चालले आणि प्रदर्शन सहा महिने पुढे गेले, तर १८ महिन्यांचे सरळ व्याज १ कोटी ६२ लाख होते, म्हणजे मुद्दलाच्या निम्म्याहून अधिक. आणि यात व्याजावरचे व्याज मी धरलेलेच नाही. नटाला दिलेली उचल, तंत्रज्ञांचा रोज, लोकेशनचे भाडे यांचा अंदाज निर्माता बरोबर बांधतो. त्याचा अंदाज चुकतो तो प्रदर्शनाच्या वाट पाहण्याच्या महिन्यांचा. मोठ्या नटाचा चित्रपट दिवाळीला किंवा पोंगलला येतो, थिएटरे त्याला मिळतात आणि छोट्याला मागे सरकावे लागते. तो प्रत्येक सरकलेला आठवडा व्याजात मोजला जातो.

वसुलीची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. तमिळनाडू चित्रपटधंद्यात चेन्नई शहर, चेंगलपट्टू, उत्तर-दक्षिण आर्काट, कोइंबतूर, सेलम, त्रिची–तंजावर, मदुराई–रामनाथपुरम, तिरुनेलवेली–कन्याकुमारी अशा विभागांत वाटला गेला आहे आणि प्रत्येक विभागाचा हक्क वेगळ्या वितरकाला विकता येतो. मदुराईच्या मातीतला चित्रपट मदुराई विभागात चढ्या भावाने जाईल, पण चेन्नईत तोच भाव मिळेल असे नाही. (जाता जाता सांगतो, हिंदी चित्रपटांच्या धंद्यात आपला मराठवाडा 'निझाम' या विभागात धरला जातो. १७ सप्टेंबर १९४८ ला राजवट गेली, वितरकांच्या वहीतले नाव मात्र राहिले.) वितरकाने ठोक रक्कम देऊन चित्रपट घेतला तर जोखीम त्याची, नुसता कमिशनवर लावला तर सगळी जोखीम निर्मात्याची. दूरचित्रवाणीचे हक्क आणि परदेशातले हक्क यांतून काही वर्षे बरा आधार मिळाला, परंतु त्याचीही किंमत नायकाच्या नावावर ठरते.

दिग्दर्शक शंकर यांच्या 'एस पिक्चर्स'नेही नवख्या दिग्दर्शकांना अशीच संधी दिली होती. बालाजी शक्तिवेल यांचा 'कादल' (२००४) आणि वसंतबालन यांचा 'वेयिल' (२००६) हे त्या संस्थेचे चित्रपट, आणि दोन्ही उत्तम आहेत. पण त्या संस्थेच्या पाठीशी एका अतिशय मोठ्या दिग्दर्शकाची मिळकत होती. मदुराईच्या कंपनीपाशी तसे काही नव्हते.

२०१६ हे वर्ष तिच्यासाठी अवघड गेले असावे, असे चित्रपटांची यादी पाहूनच वाटते. जानेवारीत पोंगलला बाला यांचा 'तारै तप्पट्टै' आला. इळैयराजांचा तो हजारावा चित्रपट, आणि त्याच्या पार्श्वसंगीताला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण तिकीटखिडकीवर त्याने निराशा केली. सप्टेंबरमध्ये 'किडारी' आला. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि डिसेंबरमध्ये 'बल्ले वेळ्ळैयत्तेवा' प्रदर्शित झाला. रोख पैशाने तिकीट काढणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकांवर जो चित्रपट अवलंबून असतो, त्याला ते दिवस कसे गेले असतील हे त्या वेळी पतसंस्थेच्या काउंटरवर उभा राहिलेला माणूस सांगू शकतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, त्यावर तमिळनाडूत स्थानिक करमणूक कर आला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या थिएटरांनी काही दिवस खेळच बंद ठेवले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीचे सहनिर्माते आणि शशिकुमारांचे नात्याने भाऊ असलेले बी. अशोक कुमार यांनी चेन्नईत आत्महत्या केली. त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीत चढ्या व्याजाच्या कर्जाचा आणि वसुलीच्या जाचाचा उल्लेख होता. ती बातमी मी बऱ्याच उशिरा वाचली आणि वाचून झाल्यावर कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. कारण ती चिठ्ठी मी तमिळमध्ये वाचू शकत नसलो तरी मराठीत अनेकदा वाचलेली आहे. आमच्या तालुक्यात अशा प्रकरणानंतर जी चौकशी होते, तिच्यासाठी आमच्या संस्थेकडून मयताच्या थकबाकीचा उतारा मागवला जातो आणि तो उतारा माझ्या सहीने जात असे. त्यावर आमची रक्कम असायची. ज्याच्या तगाद्याने माणूस गेला त्याची रक्कम कोणत्याही उताऱ्यावर नसायची.

कायदे दोन्ही राज्यांत आहेत. तमिळनाडूत अवाजवी व्याजाला बंदी घालणारा कायदा २००३ मध्ये झाला आणि त्यात 'कंदु वट्टी', 'मीटर वट्टी', तासाचे व्याज, दिवसाचे व्याज अशी बाजारातली नावे व्याख्येसह नोंदवलेली आहेत. वट्टी म्हणजे व्याज. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा २०१४ मध्ये झाला आणि बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन जिल्हा निबंधकामार्फत परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. दोन्ही कायदे मला चांगले वाटतात. पण ज्या दारात बँक कर्ज देत नाही त्या दारात सावकार उभा राहतो, आणि तो तिथून हलावा असे वाटत असेल तर त्याच्या जागी कोणीतरी दुसरे उभे राहावे लागते.

याबाबतीत माझ्या मनाला लागून राहिलेली एक गोष्ट आहे. निवृत्तीपूर्वी काही वर्षे जवळच्या गावचा एक तरुण आमच्याकडे कर्ज मागायला आला होता. त्याला मराठी चित्रपट काढायचा होता. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबाची कथा होती, संहिता पूर्ण लिहिलेली होती, आणि मुकादमाच्या उचलीवरचे तिच्यातले पान मी वाचले तेव्हा हा मुलगा त्या घरातून आलेला आहे हे मला कळले. मी त्याच्या अर्जावर शेरा मारला: 'चित्रपट हे तारण धरता येत नाही.' नियमाप्रमाणे तो शेरा बरोबर होता. त्याने अडीच एकरांचे खरेदीखत करून देऊन एका खासगी माणसाकडून महिना शेकडा ४ रुपयांनी १५ लाख घेतले. व्याज महिन्याला ६० हजार होत होते. चित्रपट पूर्ण होऊन प्रदर्शित होईपर्यंत २२ महिने गेले, म्हणजे १३ लाख २० हजार व्याजातच गेले. त्याला मोजकी थिएटरे मिळाली, तीही दुपारी बाराच्या खेळाची, आणि दुसऱ्या शुक्रवारी चित्रपट उतरला. मी तो लातूरला जाऊन पाहिला. चित्रपट चांगला होता. जमीन परत आली नाही.

अशोक कुमार गेले त्या वेळी कंपनीचा 'कोडिवीरन' प्रदर्शनाच्या उंबरठ्यावर होता. तो ७ डिसेंबर २०१७ रोजी आला. पुढच्याच वर्षी १ मार्चपासून तमिळ निर्मात्यांनी नवे चित्रपट प्रदर्शित करणे थांबवले आणि हा बंद सुमारे दीड महिना चालला. डिजिटल प्रक्षेपणाच्या यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्या प्रत्येक थिएटरमागे निर्मात्याकडून जी फी घेत, तिच्याविरुद्ध हे आंदोलन होते. ही फी मोठ्या नटाच्या चित्रपटाला जेवढी, जवळपास तेवढीच छोट्यालाही पडत होती, हे छोट्या निर्मात्यांचे गाऱ्हाणे मला रास्त वाटते. त्या काळात ज्यांच्या डोक्यावर व्याज चालू होते, त्यांनी न्याय्य मागणीसाठीसुद्धा दीड महिन्याचे व्याज भरले.

त्यानंतर शशिकुमार प्रामुख्याने इतर निर्मात्यांच्या चित्रपटांत अभिनेते म्हणून दिसत राहिले. २०२३ मध्ये आलेला 'अयोत्ति' मी चेन्नईत पाहिला. उत्तरेतून आलेल्या एका कुटुंबावर रामेश्वरमच्या वाटेवर ओढवलेला प्रसंग आणि त्यांची भाषा न येणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी केलेली धावपळ, असा त्याचा विषय आहे. २०२५ च्या १ मे रोजी आलेला 'टुरिस्ट फॅमिली' तर मोठ्या प्रमाणावर चालला. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबाची ती कथा एका अगदी तरुण दिग्दर्शकाने पहिल्याच प्रयत्नात सांगितली आहे. नवख्या माणसाची साधी, माणुसकीची गोष्ट हेरण्याची शशिकुमारांची नजर 'पसंग'पासून अजिबात बदललेली नाही, असे हे चित्रपट पाहताना मला वाटले. फरक एवढाच की या दोन्हींच्या नामावलीत निर्माता म्हणून 'कंपनी प्रॉडक्शन्स'चे नाव नाही.

गेल्या महिन्यात उदगीरला परतल्यावर तो ऊसतोडीच्या चित्रपटाचा तरुण मला बसस्थानकाजवळ भेटला. आता तो लग्नाचे चित्रीकरण करतो, तीन माणसे हाताखाली आहेत आणि थोडी शिल्लक पडते. "काका, दुसरी गोष्ट लिहून झालीय, तुम्हाला ऐकवायची आहे," असे म्हणत तो मला चहाच्या दुकानात घेऊन गेला. मी म्हणालो, गोष्ट नंतर ऐकतो, आधी कागद आण. त्याने वहीचे पान फाडून दिले. मी त्यावर दोन रकाने आखले, एकात खर्च आणि दुसऱ्यात महिने, आणि त्याला विचारले, चित्रीकरण संपल्यापासून प्रदर्शनापर्यंत किती महिने धरलेस? तो म्हणाला, चार. मी कागदावर बारा लिहिले आणि मग आम्ही वरपासून बेरीज करायला घेतली.